सशाचं पोट थांबतं तेव्हा

लातूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. ईदला मुलांसाठी पांढऱ्या सशांची जोडी आणली होती. त्यातल्या एकानं खाणं सोडलं. दुकानदारानं फोनवर सांगितलं, पोटात केसांचा गोळा झालाय, अननसाचा रस पाजा. दोन दिवस रस पाजला, तिसऱ्या दिवशी सकाळी ससा गेला. आता दुसराही कमी खातोय आणि मुलगी विचारते आहे, यालाही रसच द्यायचा का? नांदेडच्या देगलूर नाका भागातून आलेल्या पत्रात जवळपास हीच हकिकत आहे, फक्त अननसाच्या जागी एरंडेल आहे.

रस नको आणि एरंडेलही नको. मासिकातून उत्तर यायला महिना लागतो आणि खाणं सोडलेल्या सशाकडे पुरता एक दिवसही नसतो. सशानं दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, की त्याला लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. उद्या सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. बाकीचं सगळं यानंतर.

आता त्या केसांच्या गोळ्याविषयी. मांजर अंग चाटतं, केस पोटात जातात आणि एखाद्या दिवशी ते खाकरून केसांची गुंडाळी बाहेर टाकतं. ससाही दिवसभर अंग चाटतो, त्याच्याही पोटात केस जातात. पण सशाला उलटी करता येत नाही. त्याच्या जठराची ठेवणच अशी आहे की आत गेलेलं फक्त पुढेच जाऊ शकतं. यावरून अशी समजूत झाली की केस साठत जातात, वाट बंद होते आणि ससा मरतो. पूर्वी डॉक्टरही असंच मानत. पण चांगल्या धडधाकट सशाच्या जठरातही केस असतातच. ते चाऱ्यात मिसळतात आणि लेंड्यांतून निघून जातात. बहुतेक वेळा बिघाडाची सुरुवात केसांपासून होतच नाही. आधी आतड्यांची हालचाल मंदावते. मग जठरात अडकलेल्या अन्नातलं पाणी शोषलं जातं आणि मागे उरतो केस आणि चोथा यांचा घट्ट गोळा. गल्लीतली नाली पाहा. पाणी वाहतं आहे तोवर पालापाचोळा, कागद सगळं वाहून जातं. पाणी थांबलं की त्याच कचऱ्याचा बोळा होतो आणि आपण म्हणतो, कचऱ्यानं नाली तुंबली.

म्हणून अननसाचा रस उपयोगाचा नाही. त्यातला पाचक घटक मांस मऊ करतो हे खरं, पण केसावर त्याचं काही चालत नाही. पपईच्या रसाचंही तेच. उलट त्यातली साखर आधीच बिघडलेल्या पोटात आणखी वायू करते. दुकानदाराला दोष देऊन तरी काय करायचं? त्यानंही ते कुणाकडून तरी ऐकलेलं असतं किंवा मोबाइलवर पाहिलेलं असतं.

एरंडेलाची गोष्ट वेगळी आहे. ती आपल्या अनुभवातून आलेली आहे आणि म्हणूनच ती सोडवत नाही. आपल्या भागात जनावरांची जाण नाही असं कोण म्हणेल? माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी बैलाच्या अंगावर नुसता हात फिरवून त्याची उमर सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत. देवणीच्या गायी आणि उस्मानाबादी शेळ्या घरोघरी वाढल्या. कुर्बानीच्या आधी महिनाभर बकरा दारात बांधलेला असतो, त्याला पोटफुगी झाली तर घरातली दादी डॉक्टरच्या आधी तेल-हिंग काढते. तीच दादी सशाचं पोट टम्म झालेलं पाहते आणि तोच इलाज करते. पण ससा म्हणजे लहान बकरी नव्हे. शेळीच्या पोटाला चार कप्पे. चारा आधी पहिल्या मोठ्या कप्प्यात कुजतो, मग ती रवंथ करते. सशाचं जठर एकच, तो रवंथ करत नाही. त्याचा चारा कुजतो शेवटी, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या एका मोठ्या पिशवीत. शिवाय घाबरलेल्या सशाच्या तोंडात जबरदस्तीनं ओतलेलं तेल पोटाऐवजी फुफ्फुसात जाण्याची भीती फार. तसं झालं तर मग पोटाचा प्रश्नच उरत नाही.

त्या पिशवीविषयी थोडं सांगायला हवं, कारण सशाचं सगळं आरोग्य तिथे आहे. तिच्यात असंख्य बारीक जिवाणू असतात, ते चाऱ्यातून जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार करतात. पण ही पिशवी लहान आतड्याच्या पुढे आहे आणि अन्नरस मुख्यतः लहान आतड्यात शोषला जातो. म्हणजे तयार झालेला माल दुकान मागे पडल्यावर हातात आला. कुदरतनं यावर तोड काढली आहे. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या, गोल, हातात चुरडली तर गवताचा भुसा दिसेल अशा. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या. या दुसऱ्या तो बहुधा रात्री किंवा पहाटे थेट तोंडानं उचलून खातो, म्हणून आपल्याला दिसतही नाहीत. कधी दिसलं तर मुलं किळस करतात, घरातली मोठी माणसं त्याला हटकतात. हटकू नका. ते त्याचं दुसरं जेवण आहे. काळजी करायची ती या मऊ लेंड्या पिंजऱ्यात तशाच पडून राहिल्या किंवा मागच्या बाजूला चिकटून बसल्या तर. ससा लठ्ठ झालाय किंवा त्याला फार सकस, फार गोड खायला मिळतंय, असा त्याचा अर्थ असतो. काही वेळा दुखण्यामुळेही त्याला वाकून त्या खाता येत नाहीत. अनेकजण याला जुलाब समजतात. खरे पाण्यासारखे जुलाब वेगळे आणि ते लहान पिल्लांत जास्त दिसतात. बाजारात जेमतेम महिन्याची पिल्लं विकायला येतात, आईचं दूध नीट सुटलेलं नसतं, गर्दीच्या पिंजऱ्यात आतड्याच्या जंतूंची लागण होते. असं पिल्लू काही तासांत जातं. पिल्लू घ्यायचंच तर किमान सात-आठ आठवड्यांचं घ्या आणि विकणारा वय सांगत नसेल तर घेऊ नका.

आता ससा खातो काय ते पाहू. कार्टूनमधल्या सशानं मुलांना गाजर शिकवलं आणि आपण उरलेलं सगळं शिकवलं: बिस्किट, भाकरीचा तुकडा, बिर्याणीतला भात, भिजवलेले हरभरे. रमजानमध्ये इफ्तारच्या ताटातली खजूर आणि टरबूज, ईदच्या दिवशी वाटीत उरलेला शीरखुर्मा. मुलं प्रेमानं देतात, ससा मिटक्या मारत खातो आणि सगळ्यांना वाटतं, किती आवडलं बघा! पिठूळ आणि गोड पदार्थ त्या पिशवीत पोचले की चांगल्या जिवाणूंची संख्या घटते, वायू करणारे वाढतात, पोट फुगतं, दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडी आणखी थांबतात. हे चक्र एकदा सुरू झालं की उपाशी शरीर साठलेली चरबी यकृतात आणून टाकतं आणि लठ्ठ ससा त्यातच दगावतो.

सशाच्या आतड्यांना चालतं ठेवतो तो जाडाभरडा चोथा. त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा, पाचातले चार भाग, गवताचा हवा. सतत चावण्यासाठीही गवत लागतं, कारण सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजले नाहीत तर गालाला, जिभेला टोचतात आणि खाणं बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. मोठ्या शहरांतले लोक टिमोथी नावाच्या परदेशी गवताची पाकिटं मागवतात. परवडत असेल तर मागवा, पण नाही मागवली म्हणून ससा मरत नाही. हरळीचं वाळलेलं गवत, मारवेल, पवना, गिन्नी गवत वाळवून, यातलं जे स्वच्छ मिळेल ते चालतं. बकरी ईदच्या दिवसांत नांदेडला आणि लातूरला गवताच्या पेंढ्या रस्त्यावर विकायला असतात, तेव्हा दोन-चार जास्त घेऊन पत्र्याच्या पेटीत नाही, तर हवेशीर पोत्यात ठेवा. वास घेऊन घ्या. कुबट वास, काळे डाग किंवा बुरशी दिसली तर सोडून द्या. कडब्याची पानं आणि बारीक ताट चावायला चांगलं, पण केवळ कडब्यावर ससा ठेवू नका. हिरवी कोवळी ज्वारी मात्र मुळीच नको, पाण्याचा ताण पडलेली किंवा खोडव्याची तर अजिबात नको. तिच्यानं गुरांना होणारी विषबाधा शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे, सशाचा जीव तर त्याहून लहान. सोयाबीन-कापसाच्या बांधावरचं गवत फवारणीच्या दिवसांत आणायचं नाही.

लसूणघास दिसायला छान, पिल्लांना आणि गाभण मादीला थोडा ठीक. मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीत उतरून त्रास देतं. भाज्यांमध्ये कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला, थोडी मेथी, हे धुऊन, पाणी निथळून, रोज मूठ-दोन मुठी. कांदा, लसूण, बटाटा नको. गाजराचा पाला आनंदानं द्या, गाजर मात्र बोटाच्या पेराएवढंच, कधीमधी. तयार गोळी खाद्य देत असाल तर एक किलो वजनामागे दिवसाला साधारण 25 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, त्यापेक्षा जास्त नाही. मक्याचे दाणे आणि रंगीत तुकडे मिसळलेलं खाद्य घेऊ नका. आणि कोंबडीखाद्य तर कधीच नको. त्यात मिसळलेली काही औषधं कोंबडीला चालतात, सशाला विषारी ठरतात.

खाद्य बदलायचं असेल तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बदला. लातूरच्या भगिनींच्या घरी जो दुसरा ससा आहे त्याला आज अचानक गवताचा ढीग घातला आणि बाकी सगळं बंद केलं तर तोही गोंधळेल. गवत पुढ्यात भरपूर ठेवा, बिस्किट आणि फळं आजच थांबवा, गोळी खाद्य थोडं थोडं कमी करत न्या. आणि तो कमी खातोय असं तुम्ही लिहिलं आहे, तेव्हा हे सगळं डॉक्टरांना दाखवून झाल्यावर.

एक गोष्ट इथेच बोलली पाहिजे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या बाईची हकिकत आहे जिनं मांजर कोंडून ठेवलं. तिनं त्याला खाऊपिऊ घातलं नाही आणि जमिनीवरचे किडेमुंगी स्वतः शोधून खायलाही सोडलं नाही, आणि त्यासाठी तिला शिक्षा झाली. आपण ही हकिकत ऐकून म्हणतो, आम्ही तर भरपूर खायला घालतो. पण हकिकतीचा दुसरा भाग मला जास्त लागू वाटतो: सोडलंही नाही. मोकळा ससा आपलं गवत आपण निवडतो. पिंजऱ्यातल्या सशाला आपण देऊ तेच. म्हणजे त्याला काय चालतं हे माहीत करून घेणं ही पाळणाऱ्याची जबाबदारी होऊन बसते. लहान मुलानं प्राणी पाळण्यात काही गैर नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या लहान भावाकडे, अबू उमैरकडे, एक छोटा पक्षी होता आणि प्रेषित (सल्ल.) त्या मुलाशी त्या पक्ष्याविषयी लाडानं बोलत, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या हातात एका जिवाची पूर्ण जबाबदारी देऊन आईवडिलांनी मोकळं व्हावं, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

उन्हाळ्याचं आता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि सशाला तिशीपुढचंच ऊन जड जातं. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला कानच काय ते. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर पिंजरा असेल तर तो दुपारी काही खात नाही, पाणी गरम झालं म्हणून पीत नाही, आणि संध्याकाळी आपल्याला कळतं की सकाळपासून लेंडी नाही. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, फरशीवर ठेवा. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली की ससा तिला टेकून बसतो. कूलरची थेट हवा अंगावर नको, खोलीत असली तर चांगलं. पिंजऱ्याला लटकवायच्या बाटलीतून ससा थेंब थेंब पितो. जड मातीच्या किंवा चिनी मातीच्या वाटीतून जास्त पितो. दोन किलोच्या सशाला दिवसाला 100 ते 300 मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात वरच्या आकड्याकडे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाच्या काटकसरीच्या सवयी घराघरांत अजून आहेत आणि त्या चांगल्याच आहेत. पण सशाचं एक पेला पाणी त्या हिशोबात धरू नका. दिवसातून दोनदा बदला.

केसांचा वाटा शेवटी येतो, पण येतो. वर्षातून काही वेळा सशाचे केस मोठ्या प्रमाणात गळतात. त्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोनदा, मऊ ब्रशनं किंवा थोड्या ओल्या हातानं केस काढून टाका. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, म्हणून लोखंडी फणी जोरात ओढू नका. अंगोरासारखे लांब केसांचे ससे हौसेनं घेतले जातात, पण आपल्या हवामानात त्यांचे हाल होतात. घेतले असतील तर केस कापून आखूड ठेवा. अंघोळ घालू नका. भिजलेला ससा घाबरतो, गारठतो आणि त्या धक्क्यानंही आतडी थांबतात. लेंड्या केसाच्या धाग्यात ओवल्यासारख्या एकामागे एक निघत असतील तर पोटात केस जास्त जात आहेत असं समजा. गवत आणि पाणी वाढवा, केस जास्त वेळा काढा. खरी अडचण केसांपेक्षा धाग्यांची असते. सतरंजीचे दोरे, जानमाजची झालर, दुपट्ट्याची लेस ससा कुरतडतो आणि तो धागा मात्र आतड्यात खरोखर अडकू शकतो. मादी छातीचे केस उपटून तोंडात घेऊन फिरत असेल तर घाबरू नका, ती घरटं करते आहे. नर नसतानाही कधी कधी करते.

आजारी ससा ओरडत नाही. कोपऱ्यात पाठ गोल करून बसतो, डोळे अर्धे मिटतो, दात करकर वाजवतो, कुणी हात लावला तरी हलत नाही. आवडीची कोथिंबीर नाकापाशी धरूनही तोंड फिरवली तर समजा. कान गार लागत असतील तर टॉवेलात गुंडाळून ऊब द्या आणि निघा. पोट ढोलासारखं ताणलेलं असेल तर जबरदस्तीनं काही भरवू नका. आतडं खरंच अडकलं असेल तर भरवण्यानं ते फुटू शकतं. डॉक्टर तपासून सांगतील, वेदना कमी करण्याचं औषध आणि सलाइन देतील, मग सिरिंजनं पातळ खाद्य कसं द्यायचं ते दाखवतील.

घरातलं औषध नको, हे पुन्हा एकदा सांगते, कारण प्रत्येक घरात मुलांसाठी आणलेली अँटिबायोटिकची अर्धी बाटली असते. अॅमॉक्सिसिलिन किंवा अॅम्पिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं तर त्या पिशवीतले चांगले जिवाणू मरतात, विष तयार करणारे माजतात आणि ससा जुलाब होऊन मरतो. क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन यांचंही तेच. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला लावू नका, त्यानंही जीव जातो.

कुठे न्यायचं? सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक वेळ गाय, म्हैस, शेळी यांच्यात जातो, म्हणून आधी फोन करून विचारा, ससा पाहता का? लातूर जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडकरांना परभणीचंही आहे. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. तिथे दवाखाना असतो आणि शिकवणारे डॉक्टर असतात. ससा आजारी नसतानाच एकदा जाऊन या, दात पाहून घ्या, वजन लिहून ठेवा. नंबर आणि वेळा वहीत नोंदवा, कारण ससे नेमके सुट्टीच्या रात्री आजारी पडतात.

शेतात नांगरताना, काढणी करताना सापडलेली जंगली सशाची पिल्लं मात्र घरी आणू नका. आई दिवसा पिल्लांपासून दूर राहते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते, तेव्हा ती अनाथ नसतात. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं जंगली ससा पकडणं, पाळणं गुन्हा आहे.

ईदला गावी जाणार असाल तर ससा एकटा ठेवून जाऊ नका, दोन दिवसांसाठीही नाही. शेजारच्या भाभीला किल्ली द्या आणि एका कागदावर लिहा: गवत संपू देऊ नका, वाटीतलं पाणी सकाळ-संध्याकाळ बदला, गोड काही देऊ नका, संध्याकाळी पिंजऱ्याखालच्या कागदावर लेंड्या आहेत का ते बघा, नसतील तर लगेच फोन करा. खाली डॉक्टरांचा नंबर.